शेत करणारीचें नांव

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, किडी व बाजारभाव यांसंबंधीं उपयुक्त लेख नेहमीं येत असतात व त्यांपासून शेतकरी बंधूंस पुष्कळ लाभ होतो. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. शेत कोण करतें आणि कागदावर नांव कोणाचें आहे, या दोन गोष्टींची फारकत झाली म्हणजे उत्तम बीं पेरूनहि घर कसें नुकसानींत येतें, हें येथें दाखवावयाचें आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां या विषयाचे कागद माझ्या हातांखालून रोज जात होते. परंतु त्यांचा अर्थ माझ्या ध्यानांत फार उशिरां आला. तो वाचकांच्या ध्यानांत वेळेवर यावा, एवढाच हेतु.

१. आपल्या जिल्ह्यांतील स्थिति

बीड जिल्हा बहुतांशीं कोरडवाहू आहे. उत्तरेस गोदाकांठची काळी जमीन, दक्षिणेस मांजरेचें खोरें आणि मध्यें बालाघाटाचा डोंगरपट्टा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी इत्यादि तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली कीं हजारों जोडपीं ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते, आणि 'एक कोयता' म्हणजे नवरा व बायको असा हिशेब असतो. म्हणजे रब्बीची ज्वारी कोळपणीस येते नेमक्या त्याच वेळीं घरचीं धडधाकट माणसें पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत असतात. मग मागें राहिलेलें शेत कोण सांभाळतें? बहुधा म्हातारी सासू, विधवा भावजय, किंवा मुलांच्या शाळेसाठीं मागें राहिलेली आई. ज्या घरीं कर्ता पुरुष वारला, किंवा शहरांत नोकरीस गेला, त्या घरीं तर बारा महिने बाईच शेत करते.

आतां कागद पाहूं. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील दर शंभर वहितीधारकांत स्त्रिया सुमारें १४ निघाल्या, आणि त्यांच्याकडील क्षेत्र शेंकडा १२ च्याहि आंत होतें. खुरपणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत कोणीहि आपल्या शिवाराच्या बांधावर उभें राहून डोकीं मोजावीं. शंभरांत चौदा असें प्रमाण त्याला कोठेंहि आढळणार नाहीं.

२. 'बाईला शेती जमत नाहीं' या समजुतीची तपासणी

पहिली समजूत अशी कीं, बाई औत धरीत नाहीं, म्हणून ती शेतकरी नव्हे. नांगरास बाईनें हात लावूं नये अशी चाल पुष्कळ ठिकाणीं होती व आहे, हें खरें. परंतु आज नांगरट बहुतेक ट्रॅक्टरनें होते. ट्रॅक्टर भाड्याचा आणि चालकहि भाड्याचा. तो भाड्यानें आणणारा पुरुष शेतकरी राहतो, आणि तोच ट्रॅक्टर भाड्यानें आणणारी बाई मात्र शेतकरी होत नाहीं, याला आधार काय? औत हांकणें हें शेतींतील एक काम झालें. शेती म्हणजे तें काम केव्हां व कसें करावयाचें याचा निर्णय. वाफसा ओळखणें, बीं ठरविणें, मजूर लावणें, उधारी आणणें व ती फेडणें, माल कोणत्या आठवड्यांत विकावयाचा हें ठरविणें. हें ओझें ज्याच्या शिरावर तो शेतकरी, मग त्या शिरावर पागोटें असो वा पदर.

दुसरी समजूत अशी कीं, बाईला बाजार कळत नाहीं. बाजार हा मोंढ्यांत गेल्यानें कळतो, आणि जाऊं न दिल्यानें कळत नाहीं. घरांतील ज्वारी मापून वर्षाची बेगमी करणें, पैपाहुण्यांचा अंदाज बांधणें, गंजींतला कडबा किती विकावयाचा व किती जनावरांस ठेवावयाचा हें सांगणें, हीं कामें बाईच करीत आली आहे. जी वर्षाचा हिशेब जाणते तिला आडत्याची पट्टी समजणार नाहीं, हें म्हणणें पटण्यासारखें नाहीं.

तिसरी समजूत रात्रीच्या पाण्याची. विहिरीवर रात्रीं जाऊन पाणी देणें बाईला अवघड पडतें, ही अडचण मात्र खरी आहे. परंतु ती बाईची उणीव नव्हे. वीज रात्रीं येते ही व्यवस्थेची उणीव होय. अंधार आणि साप पुरुषासहि सोडीत नाहींत. ज्या विहिरीवर सौरपंप बसला व दिवसां पाणी मिळूं लागलें, तेथें ही अडचण उरत नाहीं.

३. ज्वारीचें एक पीक घेऊन पाहूं

वरील विवेचन पोकळ वाटूं नये म्हणून आपल्या रोजच्या रब्बी ज्वारीचेंच उदाहरण घेऊं, व प्रत्येक पायरीवर निर्णय व हात कोणाचा असतो तें पाहूं.

बीं: मोहोळ (जि. सोलापूर) येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आपल्या भागांत अनेक पिढ्या टिकली, याचें एक कारण घराघरांतून तिचें बीं राखलें गेलें हें होय. उभ्या पिकांतून टपोरीं, निरोगी कणसें निवडून वेगळीं मळणें व राखेंत किंवा कडूनिंबाच्या पाल्यांत ठेवणें, हें काम बायकांचें. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांस देशी बियाणें जतन केल्याबद्दल २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती याच कामाची पावती होती. भारी जमिनीसाठीं फुले वसुधा, परभणी मोती अशा सुधारलेल्या जाती आल्या आहेत; बदल करावयाचा तरी जें बीं घरीं दळलें-भाजलें जाणार त्याची भाकरी व कडबा पारखणारी बाईच असते.

पेरणी: १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य. त्यापूर्वीं पावसाळ्यांतच उतारास आडवे बंदिस्त वाफे पाडल्यास ओल जमिनींत मुरते. एकरीं सुमारें ४ किलो (हेक्टरीं १० किलो) बीं पुरे. काणी येऊं नये म्हणून किलोस ४ ग्रॅम बारीक गंधक चोळावें. आतां तिफण चालत असतां तिच्यामागें कोण असतें तें आठवा. बैल पुरुष हांकतो, पण चाड्यावर मूठ बहुधा बाईची असते. ओळींतील रोपें दाट पडतील कीं विरळ, एकरास चार किलो जाईल कीं सहा, हें त्या मुठीवर ठरतें. म्हणजे एकरांतील ताटांची संख्या ठरविणारा हात बाईचाच.

कोळपणी: तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत अशा तीन कोळपण्या द्याव्या, शेवटची दातेरी कोळप्यानें, म्हणजे भेगा बुजून ओल टिकते. 'एक कोळपणी, अर्धें पाणी' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. हे आठवडे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत येतात, आणि हाच ऊसतोडीस जाण्याचा काळ होय. तेव्हां ज्या घरचें पीक साधलें, त्या घरीं मागें राहिलेल्या बाईनें कोळपणी वेळेवर उरकली असेंच समजावें.

काढणी व साठवण: काढणी, कणसें खुडणें, उन्हांत वाळविणें व दाण्यांतील ओलावा शेंकडा १० ते १२ वर आल्यावरच कणगींत किंवा पोत्यांत भरणें. दाणा दांतांखालीं फोडून ओलावा सांगणाऱ्या म्हाताऱ्या वाचकांनीं आपल्याच घरांत पाहिल्या असतील.

पेरणीपासून पोत्यापर्यंत ही अशी शेती जी करते, तिला कागद काय म्हणतो?

४. एक प्रकरण

नोकरीच्या काळांत स्त्रियांच्या नांवाचे दाखले लिहितांना 'धंदा' या रकान्यांत मी न विचारतां 'घरकाम' असें लिहीत असें. एकदां डोंगरपट्टीच्या एका गांवची विधवा दाखल्यास आली होती. पायांस चिखल होता, हातांत विळा तसाच होता. मी सवयीप्रमाणें लिहिलें व वाचून दाखविलें. ती म्हणाली, "भाऊसाहेब, घरकाम मी रातच्याला करते. दिसभर काय करते तेबी लिहा की." मी तो शब्द खोडून 'शेती' असें लिहिलें, परंतु तोंवर मीं किती जणींचा धंदा असा चुकीचा लिहिला असेल याचा हिशेब माझ्यापाशीं नाहीं.

तिची हकीगत अशी. पांच एकर जमीन, तींत ज्वारी, हरभरा व बांधानें तूर. नवरा वारल्यास सहा वर्षें झालेलीं. सातबाऱ्यावर मात्र मयत सासऱ्याच्या मागें थोरल्या दिराचें नांव 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, आणि हिचें नांव 'इतर हक्क' या रकान्यांत. दीर भला माणूस. पण तो पुण्यास नोकरीवर. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें मराठवाड्यांत जी गारपीट झाली तींत हिची उभी ज्वारी आडवी झाली. पंचनामा झाला, मदतहि आली. परंतु ती खातेदाराच्या नांवें. दिराचें येणें, संमतिपत्र, बँकेंतील खातें, असें करतां करतां पुढची पेरणी येऊन ठेपली, आणि तिनें दोन बैलांतील एक विकून बीं घेतलें. नुकसान गारांनीं केलें हें खरें, पण बैल विकावयास लाविला तो कागदानें. त्यांत कोणी लबाडी केली नव्हती. सगळे नियमानेंच वागले होते, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे.

पुढें दिरानें संमति दिली, आपसांतील वाटप होऊन तिच्या वांट्याच्या जमिनीचा स्वतंत्र सातबारा निघाला. त्यानंतर तिला पीककर्ज स्वतःच्या सहीनें मिळालें व तिनें पुन्हां जोड पुरी केली.

५. कायद्याची बाजू

हिंदु वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यानें विधवा, मुलगा, मुलगी व आई यांस पहिल्या वर्गाचे वारस ठरविलें, आणि पूर्वीं विधवेचा जो हक्क बहुधा हयातीपुरता असे तो १४ व्या कलमानें पूर्ण मालकीचा केला. असें असूनहि गांवोगांवीं थोरल्या मुलाचें नांव कब्जेदार म्हणून व आई-बहिणींचीं नांवें 'इतर हक्कां'त लिहिण्याची चाल दीर्घकाळ चालू राहिली. ती चाल होती, कायदा नव्हे, हें नीट लक्षांत ठेवावें.

मुलींच्या बाबतींत, वडिलार्जित एकत्र मिळकतींत त्यांस जन्मानें हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानें १९९४ सालीं केली. परंतु ती लागू होण्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली तींतून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनें विवाहित-अविवाहित हा भेद गेला. पुढें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, २००५ सालीं वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाहीं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेलें वाटप त्यामुळें मोडत नाहीं. मुसलमान कुटुंबांस त्यांचा वैयक्तिक कायदा लागू असून त्यांतहि पत्नी व मुलगी यांस हिस्सा आहे.

सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हें खरें. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमानें त्यांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानिली जाते. पीककर्ज, नुकसानभरपाई, शेतकरी ओळख क्रमांक, हमीभावाची नोंदणी हीं सर्व या नोंदीच्या आधारानें चालतात. म्हणून नोंद नसणें म्हणजे केवळ मान नसणें नव्हे. तें प्रत्यक्ष पैशाचें नुकसान आहे.

६. अन्यत्र झालेले प्रयत्न

हा विचार नवा नाहीं. नोव्हेंबर १९८६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें. त्यानंतर १९८९-९० च्या सुमारास शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति' कार्यक्रम सुरू केला. शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग आपण होऊन पत्नीच्या नांवें करावा, आणि ज्या गांवीं शंभर शेतकरी असें करितील त्या गांवास लक्ष्मीमुक्त गांव म्हणून गौरवावें, अशी ती योजना होती. बायकोस कांहीं दान द्यावयाचें नसून तिचें देणें फेडावयाचें आहे, ही त्यामागील दृष्टि. तिच्याच मागोमाग १९९२ सालीं शासनाचें परिपत्रक निघालें, त्यान्वयें पतीनें स्वखुशीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सह-धारक म्हणून सातबाऱ्यावर लावितां येतें.

आपल्या जिल्ह्यांत अंबाजोगाई येथें १९८२ सालीं 'मानवलोक' ही संस्था निघाली. तिच्या 'मनस्विनी' प्रकल्पाद्वारें शैला लोहिया यांनीं टाकलेल्या व एकट्या स्त्रियांमध्यें दीर्घकाळ काम केलें. शेजारच्या धाराशिव व लातूर या जिल्ह्यांत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनें 'एक एकर' शेतीची पद्धति रुजविली. तिची रीत साधी आहे: बाईनें घरच्यांकडून अर्धा ते एक एकर मागून घ्यावा, त्यांत धान्य, कडधान्य व भाजीपाला मिळून अनेक पिकें कमी खर्चांत घ्यावीं, आधीं घराचें पोट भागवावें व उरेल तें विकावें. तुळजापूर तालुक्यांतील गोदावरी डांगे यांच्यासारख्या शेतकरी स्त्रिया या कामांत पुढें आल्या. या संस्थेस २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फें दिलें जाणारें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें. नगदी पीक दुष्काळांत गेलें तरी या एका एकरानें घर उपाशी राहूं दिलें नाहीं, हा त्यांतील धडा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २०२६ हें वर्ष शेतकरी स्त्रियांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें, त्याचें कारणहि हेंच कीं हा प्रश्न एका जिल्ह्याचा किंवा एका देशाचा नाहीं.

७. प्रत्यक्ष करावयाचीं कामें

(१) घरांत खातेदार वारल्यास तीन महिन्यांचे आंत तलाठ्याकडे (आतां ग्राम महसूल अधिकारी) वारसाची वर्दी द्यावी. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांचीं नांवें असलेलें प्रतिज्ञापत्र जोडावें. अर्ज 'ई-हक्क' प्रणालींतूनहि करितां येतो. नोंद प्रथम गांव नमुना ६-क मध्यें, नंतर फेरफार म्हणून नमुना ६ मध्यें पडते. हरकतीस १५ दिवसांची नोटीस निघते व मंडळ अधिकारी ती प्रमाणित करितात.

(२) विधवा, आई व मुली यांचीं नांवें 'इतर हक्कां'त न जातां भोगवटादार म्हणून लागलीं कीं नाहीं, हें सातबारा व ८-अ काढून स्वतः पाहावें. चुकल्यास उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांचे आंत अपील करितां येतें.

(३) जुने मयत खातेदार अद्याप कागदावर असल्यास एप्रिल २०२५ मध्यें राज्यभर सुरू झालेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेच्या धर्तीवर ताबडतोब अर्ज करावा.

(४) बहिणीकडून हक्कसोड घ्यावयाचें असल्यास तिला आधीं तिचा हिस्सा किती तें स्पष्ट सांगावें. साडीचोळीच्या भरंवशावर किंवा माहेर तुटेल या भीतीनें घेतलेली सही पुढें घरांत कज्जा उभा करते.

(५) पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईलवरून होते. ती जी शेत करते तिनेंच शिकून करावी. शेतांत काय उभें आहे हें तिच्याइतकें कोणास ठाऊक नसतें.

(६) नांव लागलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. बँकेचें पुस्तक पुरुषाच्या खिशांत व आंगठा तेवढा बाईचा, अशी स्थिति राहिल्यास तें नांव कागदीच ठरेल. बियाण्याचा निर्णय, आडतीची पट्टी आणि खर्चाची वही या तीन गोष्टी तिच्या हातीं असाव्या.

कोणी म्हणतील, नांवें वाढलीं कीं जमिनीचे तुकडे पडतात. ही शंका रास्त आहे. परंतु सह-धारक म्हणून नांव लाविल्यानें बांध पडत नाहींत, आणि चार भावांत जमीन वांटतांना तुकड्यांची भीति आपण कधीं पुढें केली नाहीं. मग ती बायको व बहिणीच्या वेळींच कां आठवावी, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

हें सर्व लिहिणाऱ्यानें स्वतः काय केलें, असें वाचक विचारतील. माझ्या साडेतीन एकरांचें काम नोकरीच्या सर्व वर्षांत माझ्या पत्नीनें पाहिलें. शेंकडों लोकांच्या नोंदी करणाऱ्या माझ्या हातून तिच्या नांवाचा अर्ज मात्र निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यांत झाला. नवा सातबारा घरीं आणला तेव्हां ती ज्वारी पाखडीत होती. तिनें तो वाचला, घडी करून बियाण्याच्या डब्यांत ठेविला, आणि पाखडणें पुढें चालू केलें. जें काम तीस वर्षें चाललें होतें, त्याला कागदानें तीस वर्षांनंतर दुजोरा दिला. वाचकांनीं इतका उशीर करूं नये.